जवळच्या प्रवासाचं तिकीट घाईने काढू नका

परदेशात रेल्वेच्या तासाभराच्या प्रवासाची तिकिटं इथूनच काढून ठेवायची गरज नाही. आगाऊ बुकिंगचा फायदा लांबच्या वेगवान गाड्यांना होतो. इटलीत प्रादेशिक, म्हणजे जवळपासच्या गावांमधून धावणाऱ्या गाडीचं भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी घ्या किंवा गाडीच्या आधी दहा मिनिटं, पैसे तेवढेच. मात्र तिथलं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो. हे अगदी लक्षात ठेवा!

लंडनमध्ये तिकिटाऐवजी बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. स्टेशनात आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवा, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. जपानमध्ये भाड्याचा अंदाज चुकलाच तर घाबरू नका, उतरल्यावर स्टेशनातून बाहेर पडायच्या फाटकाजवळच्या यंत्रात फरक भरता येतो.