पाठीच्या कण्याचा बाक : व्यायामानं काय साधतं?

प्रश्न : मुलगी साडेबारा वर्षांची आहे. वेणी घालताना तिचं उजवं खवाटं वर आलेलं दिसलं. एक्स-रेत छातीच्या भागात उजवीकडे २२ अंशांचा बाक निघाला, रिसर १. डॉक्टरांनी व्यायाम सांगून चार महिन्यांनी बोलावलंय. घरचे म्हणतात, बारला लटकू दे, चक्रासन करू दे, पाठ आपोआप सरळ होईल. दप्तराच्या ओझ्यानं झालं असेल का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, दप्तरानं हा बाक (स्कोलिओसिस) येत नाही, पोक काढून बसल्यानंही नाही. स्वतःला बोल लावून घेऊ नका.

रिपोर्टमधला 'रिसर' हा आकडा वाढ किती उरली आहे ते सांगतो. ० ते ५ पर्यंत तो मोजतात आणि ५ म्हणजे वाढ संपली. तुमच्या मुलीची उंची अजून वाढायची आहे आणि बाक वाढण्याचा धोका याच काळात जास्त. म्हणून पुढची तपासणी परीक्षा असली तरी चुकवू नका.

लटकल्यानं कणा तेवढ्यापुरता ताणला जातो, खाली उतरलं की पुन्हा पहिल्यासारखा. चक्रासनाची अडचण वेगळी. या आजारात कणा बाजूला झुकतो तसा पिळलाही जातो आणि पाठीची नैसर्गिक गोलाई बऱ्याचदा आधीच कमी झालेली असते. मागे वाकून ती आणखी सपाट करण्यात हशील नाही. आवड म्हणून योग करू दे, पण तो या बाकावरचा उपचार नव्हे.

उपचाराचा व्यायाम बाकाची दिशा पाहून ठरतो. जर्मनीत काटारिना श्रॉथ यांनी १९२१ मध्ये माइसेनला सुरू केलेली पद्धत आज सर्वांत परिचित आहे. त्यांना स्वतःलाच हा बाक होता. त्यातला एक व्यायाम असा : उताणं झोपून गुडघे दुमडायचे. सुती पिशवीत मूठ-दोन मूठ तांदूळ सैल भरून ती उजव्या खवाट्यामागच्या उंचवट्याखाली ठेवायची. कमरेत डावीकडे उलटा बाक असेल, तर तिथल्या उंचवट्याखाली दुसरी. आधी डोक्याचा माथा आणि माकडहाड एकमेकांपासून लांब न्यायचे. मग नाकानं श्वास घेताना पाठीची डावी, आत गेलेली बाजू फुगवायची. श्वास सोडताना मिळालेली जागा न सोडता स्नायू आवळून धरायचे. असे पाच-सहा श्वास, मग विश्रांती, असं तीनदा. पिशव्या कुठे ठेवायच्या ते पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टनं एक्स-रे पाहूनच ठरवावं. चुकीच्या जागी ठेवली, तर पीळ वाढवणाऱ्या दिशेनंच जोर लागतो.

घरी हमखास होणाऱ्या चुका तीन : श्वास रोखला जातो, खांदे कानापर्यंत चढतात, कंबर जमिनीवरून उचलली जाते. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसा आणि तळहात डाव्या बरगड्यांवर ठेवा. श्वासानं तुमचा हात हलला पाहिजे. हलत नसेल, तर आकडे मोजून उपयोग नाही. रोज अर्धा तास, आठवड्यातून किमान पाच दिवस. शिवाय अभ्यासाला बसताना तीच सरळ ठेवण अंगवळणी पडली पाहिजे.

पुढच्या एक्स-रेत २२ चे २५ दिसले, तर लगेच धास्ती घेऊ नका. मोजणीतच पाचेक अंशांचा फरक पडतो. मात्र तेव्हा ब्रेसचा (कण्याला आधार देण्यासाठी धडावर घालायच्या टणक कवचाचा) विषय निघाला, तर तो मोकळ्या मनानं ऐका. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायात मुंग्या किंवा लघवीवर ताबा न राहणं, यातलं काही दिसलं तर चार महिने थांबू नका.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. बाक २९ अंश, रिसर ०, ब्रेस सांगितलाय. ब्रेसनं स्नायू दुबळे होतात म्हणे. त्याऐवजी दुप्पट व्यायाम चालेल का? – एक वडील, नागपूर

उत्तर : नाही, दादा. इतकी वाढ बाकी असताना २९ अंशांना नुसत्या व्यायामावर विसंबणं धोक्याचं आहे. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. दिवसाला सुमारे तेरा तासांहून जास्त ब्रेस घालणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. स्नायूंसाठी व्यायाम हवाच. तो ब्रेस काढण्याच्या वेळेत करू द्या, खेळही चालू ठेवा.

आत शिवणीची घडी न पडणारा, घट्ट बसणारा सुती बनियन घाला. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासातही न जाणारी लाली दिसली, तर ब्रेस बनवणाऱ्याकडून तो घासून घ्या; घरी स्पंज चिकटवू नका, दाब भलतीकडेच पडतो.