मुलांचं नाटक आणि सरकारी तिजोरी

मुलांच्या रंगभूमीला सरकारनं पैसा द्यावा का, यावर गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच घेतो.

फक्त मुलांसाठी थिएटर आणि तेही सरकारी खर्चानं, हे सुरू कुणी केलं? (निवृत्त शिक्षिका, साखर पेठ)

पहिलं मोठं नाव नतालिया सात्स यांचं. 1918 साली मॉस्कोच्या सोव्हिएतनं, म्हणजे क्रांतीनंतरच्या शहर परिषदेनं, मुलांच्या नाटकांचा विभाग त्यांच्याकडे दिला, तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंधरा. बाहेर यादवी युद्ध, भाकरीची मारामार, आणि ही पोरगी नट-गायकांना गोळा करून मुलांपुढे कार्यक्रम लावत होती. 1921 मध्ये मॉस्कोत त्यांचं मुलांचं थिएटर उभं राहिलं. पुढे 1936 साली त्यांच्याच सांगण्यावरून संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी 'पीटर अँड द वुल्फ' ही मुलांसाठीची संगीतकथा रचली.

मला जास्त कौतुक आहे ते पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) अलेक्सांद्र ब्रियान्त्सेव्ह यांचं. 1922 साली त्यांनी सुरू केलेल्या थिएटरात प्रेक्षागृह अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांचं होतं. संस्थेतले शिक्षक मुलांमध्ये बसून टिपून ठेवायचे, की पोरं कुठे हसली, कुठे चुळबुळ करायला लागली. आपल्याकडे बालनाट्याला शिक्षक येतात ते 'गप्प बसा' म्हणायला.

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.' सरकारी नाटक म्हणजे सरकारचाच प्रचार होणार ना? (महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर)

रशियात झालाच. आणि टाळी वाजवूनही अभय मिळालं नाही. 1937 साली सात्स यांनाच अटक झाली, छावणीत वर्षं काढावी लागली. सुटल्यावर मात्र बाईंनी 1965 मध्ये मॉस्कोत मुलांसाठी संगीत नाटकाचं थिएटर उभं केलं.

पण उलटा किस्सा अमेरिकेचा. मंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींना पगार देण्यासाठी रूझवेल्ट सरकारनं 1935 साली फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला. प्रमुख हॅली फ्लॅनगन. त्यात मुलांची नाटकंही होती. 1937 मध्ये न्यू यॉर्कला 'द रिव्होल्ट ऑफ द बीव्हर्स' आलं. बीव्हर म्हणजे नदीवर बांध घालणारा प्राणी. त्यांचा मुखिया सगळा माल स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे बंड करतात. नट रोलर स्केट्सवर रंगमंचभर घरंगळत होते आणि मुलं खूश होती. समीक्षकांना मात्र त्यात मार्क्स दिसला. मुलांना विचारलं, तर त्यांनी एवढंच घेतलं होतं की आप्पलपोटेपणा करू नये. तरी नाटक लवकरच उतरवावं लागलं.

पुढे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, अख्ख्या प्रकल्पाचाच पैसा तोडला. 30 जून 1939 ला शेवटचा दिवस. त्या रात्री न्यू यॉर्कच्या रिट्झ थिएटरात 'पिनोकिओ' होतं. दिग्दर्शक याशा फ्रँक यांनी शेवट बदलला. लाकडाचा बाहुला खराखुरा मुलगा होतो, ते झालंच नाही. पिनोकिओ मेला, त्याला पेटीत निजवलं आणि काँग्रेसच्या कायद्यानं त्याचा बळी घेतल्याचं तारखेसकट जाहीर झालं. मग प्रेक्षकांदेखत कामगारांनी सेट पाडला.

तेव्हा प्रचाराची भीती खरी, पण एका मतदानात पगार बंद होण्याची भीतीही तितकीच खरी. मला विचाराल तर दुसरीनं जास्त थिएटरं बुडाली.

ग्रिप्स सरकारी आहे का? (नाट्यवेडे पालक, होटगी रोड)

ग्रिप्स हे बर्लिनमधलं मुलांचं थिएटर. सरकारी नाही, सरकारी अनुदानावर चालणारं. फोल्कर लुडविग यांच्या मंडळींनी 1966 पासून पश्चिम बर्लिनमध्ये मुलांची नाटकं सुरू केली. राजा-राणी, परी बाजूला ठेवून घरमालक, शिक्षक, चिडके बाप मंचावर आणले. सत्तरच्या दशकात तिथल्या उजव्या पक्षानं त्यांच्याविरुद्ध मोहीमच काढली, तरी ग्रिप्स टिकलं. डॉ. मोहन आगाशे यांनी ते पुण्यात आणलं आणि 1986 साली 'छान छोटे वाईट मोठे' रंगमंचावर आलं. मुलांची कामं मोठ्यांनीच करायची, हा त्यातला मुख्य नियम.

शाळेच्या वर्गात येऊन नाटक करणारे सरकारी नट कुठे असतात का? (पाचवीतल्या मुलीची आई, विजापूर रोड)

होते, इंग्लंडात. कॉव्हेंट्री हे रेशमी फितींच्या मागांचं आणि नंतर मोटारींचं शहर. म्हणजे आपल्या सोलापूरसारख्या गिरणगावाला ओळखीचं वाटावं असं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी ते उद्ध्वस्त झालं. युगोस्लाव्हियाच्या बेलग्रेड शहरानं भेट दिलेलं लाकूड वापरून तिथे 1958 मध्ये बेलग्रेड थिएटर झालं. 1965 साली याच थिएटरनं शिक्षकी आणि अभिनय दोन्ही येणाऱ्यांची एक तुकडी पगारावर नेमली. ती शाळेत जायची, एकेका वर्गाला नाटकात ओढायची, मधेच थांबून मुलांना विचारायची, 'आता काय करायचं?' खर्च नगरपालिकेकडून, शाळेला फुकट. पुढे शाळांची अंदाजपत्रकं शाळांच्याच हाती गेली, तशा अशा बऱ्याच तुकड्या बंद पडल्या. छपराच्या दुरुस्तीपुढे नाटक कोण निवडणार?

आपल्या देशात राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं 1989 मध्ये 'संस्कार रंग टोली' दिल्लीत सुरू केली. केंद्राच्या पैशावर चालणारी, याच धर्तीची.

महाराष्ट्रात, सोलापुरात यातलं काय आहे? (अनेकांचा प्रश्न)

बालरंगभूमी आपल्याकडे वाढली ती पदरमोड करून. अमेरिकेतली मुलांची नाटकं पाहून आलेल्या सुधा करमरकरांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधारानं 1959 मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं. 1962 मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. सरकारनं काय दिलं? सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा. चांगलीच आहे, पण स्पर्धेत मुलं नाटक करतात, त्यांना बघायला मिळत नाही. पडदा पडला, बक्षीस मिळालं, संपलं पुढच्या वर्षापर्यंत.

सोलापुरात महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या. म्हणजे जागा आहे, प्रेक्षकही आहेत. म्हणून नव्या इमारतीची मागणी करू नका, असं मी प्रत्येक सभेत सांगतो. इमारत म्हटलं की कोनशिला आणि फीत कापणं आलं, आणि नटांच्या पगाराचा विषय मागे पडतो. पाच-सहा पगारी नट, सामानाला एक टेम्पो, आठवड्याच्या दिवशी सकाळचे प्रयोग आणि शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या शाळेत तेलुगूत बोलू शकणारा निदान एक जण, एवढं अंदाजपत्रकात बसवा. यंदा नगरसेवकाकडे जाताना या चार गोष्टींचा खर्च कागदावर मांडून घेऊन जा.