कॅबिनेटमध्ये धुकं का साठतं?

प्रश्न: घरीच सँडब्लास्टिंग कॅबिनेट (हवेच्या दाबाने बारीक कण मारून वस्तू साफ करायची बंद पेटी) बनवलंय पण ट्रिगर दाबला की मिनिटभरात आत काहीच दिसत नाही, व्हॅक्यूम लावूनही तेच. काय करू?

उत्तर: बहुतेक वेळा व्हॅक्यूम कमी पडत नाही हो, आत हवा यायलाच वाट नसते. व्हॅक्यूमच्या समोरच्या बाजूला वर एक भोक पाडा, आतून आडवा पत्रा लावा म्हणजे ग्रिट (मारायचे बारीक कण) बाहेर उडणार नाही आणि धूळ एका दिशेने वाहून जाईल. कॅबिनेट आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ वेगळी पाडणारं भांडं) बसवा नाहीतर व्हॅक्यूमचा फिल्टर सारखा चोंदतो. झिजून बारीक झालेलं ग्रिट बदला, धूळ त्याचीच जास्त होते. काचेवर आतून पातळ फिल्म चिकटवा. आणि साधी वाळू मुळीच वापरू नका, तिच्यातल्या सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसं कायमची खराब होतात, अॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, तरीही मास्क हवाच.