तयार बॅट की कोवळा हात?

वाचक विचारतात. या वेळचे सगळे प्रश्न बेसबॉलचे आहेत. उत्तरं नेहमीप्रमाणे शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरातून, एका निवृत्त विमा-अधिकाऱ्याची.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): काका, आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचे. आवडीचे खेळाडू पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येतात. माझ्याकडे एकोणतीस वर्षांचा एक आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात उभा राहणारा) आहे, गेल्या मोसमात तिसाच्या वर होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारलेला. एक सहकारी त्याच्या बदल्यात बावीस-तेवीस वर्षांचे दोन पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, देतोय. दोघांचंही सगळीकडे कौतुक चाललंय. देऊ का? बायको म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.

उत्तर: तू सल्ला विचारतोयस शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाच्या चाहत्याला, हे आधी लक्षात घे. २०२४ साली १६२ पैकी १२१ सामने हरलो आम्ही. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात एवढे पराभव तोवर कुणी पाहिले नव्हते. तरी पण तयार हिटर (बॅट चालवणारा) देऊन कोवळे पिचर घेण्याचा एक सौदा आमच्याच अंगणात झाला आणि तो मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तेव्हा तुझ्या प्रश्नापुरता मी कामाचा माणूस आहे.

डिसेंबर २०१६. आमच्या संघाने अॅडम ईटन वॉशिंग्टन नॅशनल्सला दिला आणि लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, डेन डनिंग असे तीन पिचर घेतले. ईटन अठ्ठावीसचा. नाव फार मोठं नाही, पण रोज मैदानात उतरणारा, बेसवर पोचणारा, राइट फील्डमध्ये उत्तम. त्याचा करार स्वस्त होता आणि पर्याय (संघाला हवं तर वाढवायची वर्षं) धरून २०२१ पर्यंतचा होता. वॉशिंग्टनने जास्त किंमत मोजली, असंच तेव्हा बहुतेकांचं मत पडलं. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्या बेसकडे धावताना ईटनचा गुडघा गेला आणि त्याचा मोसम तेवीस सामन्यांत संपला. आम्ही खूश! मग २०१८ आलं. जिओलिटोचा ईआरए ६.१३. म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर सहाच्या वर धावा. चारच्या आसपास असला की ठीक म्हणतात, तीनच्या खाली गेला की उत्तम. वॉकही, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून हिटरला फुकट दिलेला पहिला बेस, त्यानेच लीगमध्ये सगळ्यांत जास्त दिले. स्टेडियमात माझ्या पुढच्या रांगेतले लोक तिसऱ्या इनिंगलाच पार्किंगकडे निघायचे.

त्या हिवाळ्यात पोराने बॉल टाकण्याआधीची हाताची लांबलचक फेरी आखूड केली, सिंकर (खाली बुडणारा बॉल) सोडून दिला, साधा फास्टबॉल आणि चेंजअप (फसवा हळू बॉल) यांवर भर दिला. २०१९ मध्ये ईआरए ३.४१, २२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले हिटर), निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड. ऑगस्ट २०२० मध्ये पिट्सबर्गविरुद्ध नो-हिटर, म्हणजे सामनाभर समोरच्यांना एकही हिट नाही. मग फायदा आमचा झाला म्हणायचा? तिकडे २०१९ साली नॅशनल्स वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका जिंकले, आणि त्या मालिकेत ईटनने दोन होमरन मारले. आम्ही २०२० आणि २०२१ ला प्लेऑफमध्ये गेलो आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत घरी आलो. गंमत म्हणजे २०२१ साठी आमच्या लोकांनी ईटनलाच परत करारावर घेतलं आणि जुलैत सोडूनही दिलं.

माझ्या मते तो सौदा दोघांच्याही फायद्याचा होता, कारण दोघांची निकड वेगळी होती. नॅशनल्सना लगेच जिंकायचं होतं, आम्हाला पाया घालायचा होता. तेव्हा आधी स्वतःला विचार: तुझा संघ यंदा पहिल्या तिनात येण्यासारखा आहे का? असेल तर आउटफिल्डर ठेव, बायकोचं ऐक. हिटर रोज खेळतो. सुरुवात करणारा पिचर पाच दिवसांतून एकदा, सगळं नीट चाललं तर मोसमात बत्तीसेक वेळा. 'सगळं नीट चाललं तर' हे शब्द पिचरच्या बाबतीत फार महाग पडतात.

कारण कोपर. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात उजव्या हातातला स्नायुबंध काढून बसवला. तो १९७६ मध्ये परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज ती नित्याची झाली आहे, पण माणूस परत यायला बारा ते अठरा महिने लागतातच. जिओलिटोची ती कॉलेजच्या वयातच होऊन गेली होती. शिवाय कोपर निदान जोडता येतं. खांद्याचं दुखणं त्याहून वाईट. जानेवारी २०१२ मध्ये यँकीजनी हेसूस माँटेरो हा तरुण हिटर सिअॅटलला देऊन मायकेल पिनेडा हा पिचर घेतला. त्याच वर्षी पिनेडाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१२, २०१३ हे दोन्ही मोसम कोरडे गेले. यँकीजचं नशीब एवढंच की माँटेरोही पुढे काही टिकला नाही.

मी उभा जन्म विम्याचे प्रस्ताव तपासण्यात घालवला. आमच्या खात्यात 'हा गृहस्थ किती जगेल' असं कुणी विचारत नसे. अशा वयाचे, अशा प्रकृतीचे शंभर जण घेतले तर किती दावे येतील, ते विचारत. कोवळ्या पिचरचा हिशोब असाच मांडायचा. एकट्यादुकट्याच्या मागे भरवशाची बॅट देऊ नये. ईटनच्या बदल्यात तीन घेतले म्हणून एखादा ढेपाळला तरी चाललं असतं. डनिंग देऊन पुढे आम्ही लान्स लिन हा पिचर आणला, तो २०२१ च्या साय यंग या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला. तिघांतला एक हात असाही वसूल झाला.

याहून बोलकं उदाहरण मायामी मार्लिन्सचं. २०१७ मध्ये डेरेक जीटरचा सहभाग असलेल्या गटाने तो संघ विकत घेतला आणि एका हिवाळ्यात तिन्ही आउटफिल्डर काढले. ५९ होमरन मारून एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) झालेला जियानकार्लो स्टँटन यँकीजना. .३१२ ची सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३१२ हिट) आणि ३७ होमरनवाला मार्सेल ओझुना सेंट लुईस कार्डिनल्सना. क्रिस्टियन येलिच मिलवॉकी ब्रुअर्सना. एकाच संघाने, एकाच हंगामात, तीन तऱ्हांनी केलेली विक्री. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळायची?

ओझुनाच्या बदल्यात मिळालेल्या चौघांत सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन होते. अल्कांतारा बावीसचा, आदल्या सप्टेंबरात आठच सामने खेळलेला. गॅलनला तर फारसं कुणी ओळखतही नव्हतं. २०२२ मध्ये अल्कांताराने २.२८ ईआरएने सव्वादोनशेच्या वर इनिंग्ज टाकल्या, सहा सामने एकट्याने पुरे केले आणि एकमताने साय यंग घेतलं. गॅलनला मार्लिन्सनी जुलै २०१९ मध्ये अॅरिझोनाला देऊन जॅझ चिझम घेतला. गॅलन २०२३ च्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगचा पहिला पिचर होता. आणि ओझुना? सेंट लुईसमध्ये दोन मोसम, २३ आणि २९ होमरन, मग मोकळा होऊन अटलांटाला. वाईट नव्हता, पण ३७ होमरनवाला ओझुना कार्डिनल्सना काही मिळाला नाही. आधीच्या वर्षीच्या आकड्यांना भुलून त्यांनी किंमत दिली होती. तुझा आउटफिल्डर तिसाच्या वर गेला, त्याआधीच्या दोन मोसमांत किती होते? ते तू लिहिलं नाहीस. मुद्दाम वगळलंस की काय, अशी मला शंका आहे.

येलिचच्या सौद्यात मात्र मार्लिन्स बुडाले. मुख्य मोबदला लुईस ब्रिन्सन हा आउटफिल्डर होता, त्याची २०१८ ची सरासरी .१९९. येलिच त्याच वर्षी .३२६, ३६ होमरन, एमव्हीपी. याचा अर्थ 'हिटर घेऊ नका, पिचर घ्या' असा नाही. फरक करारात आहे. ओझुनाची दोनच वर्षं उरली होती, त्याचा पगारही दरवर्षी वाढत जाणार होता. तो विकायलाच हवा होता. येलिच पर्याय धरून २०२२ पर्यंत बांधलेला, आणि तोही स्वस्तात. असा माणूस विकायची घाई कशाला?

बेसबॉलमध्ये नवा खेळाडू साधारण सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत संघाच्या ताब्यात असतो, त्यातली पहिली सुमारे तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास. त्यामुळे संघ खरोखर देतात-घेतात ती उरलेली वर्षं. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोने हुआन सोटो यँकीजना दिला तेव्हा सोटोचं एकच वर्ष शिल्लक होतं. त्याने त्या एका वर्षात ४१ होमरन मारले, यँकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, आणि तो ७६.५ कोटी डॉलरवर मेट्सकडे निघून गेला. सॅन डिएगोला मिळालेल्या मायकेल किंगने पहिल्याच मोसमात २.९५ ईआरए आणि २०१ स्ट्राइकआउट दिले. ड्रू थॉर्प नावाचा दुसरा पिचर पुढे आमच्याकडे पाठवून त्यांनी डिलन सीज हा पिचर उचलला. सोटोचं नाव ऐकून मोबदला थोडा वाटतो. एका वर्षाच्या सोटोसाठी तो भरपूर होता.

आता तुझं. राखण्याची मुदत तुमच्या नियमात किती वर्षांची आहे ते बघ. दोनच असेल तर पोरं पिकेपर्यंत तुझ्या हातून जातील. जखमी खेळाडूंसाठी वेगळी जागा नसेल तर दोन पिचर घेऊच नकोस. या दोघांनी गेल्या वर्षी किती इनिंग्ज टाकल्या, फास्टबॉलखेरीज भरवशाचा दुसरा बॉल आहे का, कोपराची चिरफाड झाली आहे का, एवढं पाहा. आणि दोन नको, तीन माग. तिसरा कौतुक न झालेला माग, गॅलनसारखा. सहकारी नाही म्हणाला तर आउटफिल्डर तुझ्याकडेच आहे, बिघडलं काय?

प्रश्न (पुणे): आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या गुजरातमधून मुंबईला आला तेव्हा त्याची संमती घेतली गेली होती. अमेरिकेत मात्र खेळाडूला बातमीतूनच कळतं, असं ऐकलं. हे खरं का? माणसांची अशी अदलाबदल तुम्हाला खटकत नाही?

उत्तर: खटकते. नियम असा आहे की दहा वर्षं वरच्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच सलग त्याच संघात काढलेला खेळाडू नकार देऊ शकतो. बाकीच्यांनी करारातच तशी अट घालून घेतली असेल तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं. हा नियम १९७३ पासूनचा, आणि तो कर्ट फ्लडच्या नावाने ओळखला जातो. सेंट लुईसमध्ये बारा मोसम खेळलेल्या फ्लडला १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला दिलं, त्याने जायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ असा हरला. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. त्याला स्वतःला त्या नियमाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

नकाराचा अधिकार काय करतो ते स्टँटनकडे बघून कळतं. वर सांगितलेल्या हिवाळ्यात त्याने आधी सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस दोघांनाही नाही म्हटलं. तो हातचा गेल्यावर सेंट लुईसने थोड्याच दिवसांत ओझुना घेतला आणि अल्कांतारा, गॅलन गमावले. मार्लिन्सना मात्र स्टँटनसाठी यँकीज देतील ते घ्यावं लागलं. त्यात होर्हे गुझमान नावाचा तुफान वेगाचा पिचर होता. तो मोजून थोडे सामने खेळला.

प्रश्न (टोरांटो): अशा सौद्यांतला सर्वांत गाजलेला कोणता?

उत्तर: १० डिसेंबर १९७१. कॅलिफोर्निया एंजल्सनी सहा वेळचा ऑल-स्टार जिम फ्रेगोसी मेट्सना दिला आणि चार पोरं घेतली, त्यांत चोवीस वर्षांचा नोलन रायन होता. मेट्सना तिसरा बेस सांभाळणारा हवा होता आणि रायनचा बॉल कुठे जाईल याचा नेम नव्हता: त्या वर्षी १५२ इनिंग्जमध्ये ११६ वॉक. तेव्हाची कागदपत्रं समोर ठेवली असती तर मेट्सची सही मला समजली असती. पुढच्याच मोसमात रायनने ३२९ स्ट्राइकआउट केले. वॉक १५७ दिले, म्हणजे बेताल तो राहिलाच. पण १९९३ पर्यंत खेळून ५,७१४ स्ट्राइकआउट आणि सात नो-हिटर नावावर करून गेला. फ्रेगोसी १९७२ मध्ये .२३२ वर अडला आणि पुढच्या मोसमाच्या मध्यावर मेट्सनी त्याला टेक्ससला विकलं.

पुढचं ऐका. १९७८ मध्ये फ्रेगोसी एंजल्सचा मॅनेजर झाला, रायन अजून तिथेच होता, आणि १९७९ मध्ये त्या दोघांनी मिळून एंजल्सना पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे लीगमधला त्यांचा गट, जिंकून दिली. तुमच्या गावालाही तो परका नाही. १९९३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तुमच्या जो कार्टरने शेवटचा होमरन मारला तेव्हा समोरच्या फिलाडेल्फियाचा मॅनेजर फ्रेगोसीच होता, आणि १९९९ मध्ये तुमचा ब्लू जेज संघ त्याच्याच हाती आला.