"मॅडम, माझं इंग्लिश कच्चं आहे ओ"

दसरा झाला की बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्या खोलीकडे वळायला लागतात. बेळगावातल्या एका कॉलेजात मी आठवड्यातून दोन दुपारी समुपदेशनाला बसते. खोली म्हणजे ग्रंथालयामागची अडगळ, दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: मराठी शाळेत शिकलोय, पीयूसीपासून (म्हणजे अकरावीपासून) सगळं इंग्रजीत आलं, कन्नड कानाला समजतं पण तोंडात येत नाही. अकाउंट्स-फायनान्समध्ये माझं काही होणार का, की आधी पुण्याला जाऊन इंग्रजीचा क्लास लावू?

सुप्रिया हाच प्रश्न घेऊन आली होती. (नाव बदललंय. गाव सांगत नाही. बेळगावच्या पश्चिमेला लाल मातीत रताळी पिकवणारा जो पट्टा आहे, तिथलं, एवढं पुरे.) आदल्या आठवड्यात बाहेरगावची एक कंपनी मुलाखती घ्यायला आली होती आणि तिथून ती दहा मिनिटांत बाहेर पडली होती.

"मॅडम, माझं इंग्लिश कच्चं आहे ओ. मला कोण घेणार?"

"काय विचारलं त्यांनी?"

"घसाऱ्याची एंट्री विचारली. सांगितली मी. मग मधनंच म्हणाले, व्हाय? मग मी गप्पच."

(घसारा म्हणजे यंत्र वापरानं झिजतं तशी त्याची किंमत दरवर्षी थोडी खर्चात धरणं.) मी म्हटलं, बरं, तो 'व्हाय' मला मराठीत सांग. मशीन घेतलं तेव्हाच पैसे गेले ना? मग दरवर्षी थोडा थोडा खर्च का दाखवायचा?

ती पंख्याकडे बघत बसली. मराठीतही उत्तर नव्हतं.

हे तपासून बघायची सवय मला एका चुकीनं लावली. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातला एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता आणि मी त्याला सरळ स्पोकन इंग्लिशच्या क्लासला धाडलं. सहा महिन्यांची फी त्याच्या वडिलांनी भरली. परत आला तेव्हा 'माय स्ट्रेन्थ इज हार्ड वर्क' हे वाक्य अगदी न अडखळता म्हणत होता. पण बँकेचं पासबुक आणि कॅशबुक यांतला फरक का पडतो, हे त्याला आधीही सांगता येत नव्हतं आणि नंतरही नाही. वडिलांचे पैसे माझ्या सल्ल्यानं गेले. तेव्हापासून कुणी इंग्रजीचं रडगाणं लावलं की पहिला प्रश्न मी मराठीत विचारते. मराठीत उत्तर आलं तर अडचण भाषेची. नाही आलं तर दुखणं दुसरीकडेच आहे.

सुप्रियाला कन्साइनमेंट अकाउंटमध्ये, म्हणजे दुसऱ्याकडे विकायला धाडलेल्या मालाच्या हिशोबात, चांगले मार्क होते. मी विचारलं, कन्साइनर म्हणजे कोण? तिनं व्याख्या घडाघडा म्हटली. "आणि तुमच्या घरात कोण?" यावर तिला हसूच आलं. मॅडमचं डोकं फिरलं की काय, असं तोंड केलं तिनं.

"यार्डात रताळी कोण धाडतं?"

"बाबा."

"विकतं कोण?"

"दलाल." मग जरा थांबून, "म्हणजे... बाबा कन्साइनर?"

मी तिला येताना एक पट्टी घेऊन यायला सांगितलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: शेतकऱ्याचा माल विकल्यावर अडतीवरचा दलाल हिशोबाचा जो कागद देतो, त्याला आपल्याकडे पट्टी म्हणतात. बी.कॉम.च्या पुस्तकात हीच पट्टी 'अकाउंट सेल्स' या नावानं येते आणि मुलं ती परदेशी वस्तू असल्यासारखी पाठ करतात.

पुढच्या दुपारी तिनं पाकिटातून घडी घातलेला गुलाबी कागद काढला. कार्बनची प्रत, एका कोपऱ्याला माती लागलेली. वरचं छापील कन्नडात, आत हातानं भरलेलं मराठीत. वीस पिशव्या, दहा क्विंटल, दर १,५००. एकूण १५,०००. खाली वजावट: अडत (दलालाचं कमिशन) ९००, मोटारभाडं ८००, हमाली २००, तोलाई १००, उचल ५,०००. हाती ८,०००. (अडत विकणाऱ्यानं सोसायची की घेणाऱ्यानं, हे भांडण जुनं आहे. त्यात मी शिरले नाही.)

"या खेपेला किती मिळाले?" मी विचारलं.

"आठ हजार. बाबा म्हणालेत, यंदा रताळ्यात काय राम नाही."

"नीट बघ."

तिनं पेन्सिल घेतली. आधी सगळी वजावट एकत्र करून खर्च ७,००० लिहिला. मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी तिचं बोट 'उचल' या शब्दावर थांबलं. उचल म्हणजे जूनमध्ये वेल लावायच्या वेळी दलालाकडून घेतलेले आगाऊ पैसे. ते तेव्हाच घरात आलेले आणि खर्चही झालेले.

"हा खर्च नव्हे की मॅडम. हे देणं फेडलं."

खर्च २,०००, उत्पन्न १३,०००, आणि त्यातले ५,००० जुन्या देण्यात वळते झाले. मग मी म्हटलं, आता हेच खत, मजुरी, नांगरट धरून लिही आणि बाबांना दाखव, रताळ्यात राम आहे की नाही ते तेव्हा ठरेल. आणि त्या घसाऱ्याचं? ते तिनं स्वतःच ओढून आणलं: शेजाऱ्यांनी पॉवर टिलर घेतलाय, तो काय एकाच सुगीत संपतो होय? पाच-सात सुग्या चालणार, मग त्याची किंमत त्या सगळ्या सुग्यांवर वाटायला नको का? मुलाखतीत मागितलेला 'व्हाय' हाच होता. त्याचं इंग्रजी करायला दोन वाक्यं लागतात आणि ती दोन वाक्यं तिला येत होती.

आमच्या कॉलेजांत मुलांना कागदावरच्या एंट्र्या शेकड्यांनी करायला लावतात, पण तीन वर्षांत एक खरं व्हाउचर हातात पडत नाही. आजोबांच्या पिढीत पेढीवर बसणारा पोरगा आधी रोजकीर्द (रोजच्या नोंदी) लिहायचा, मग खतावणी (खात्यावार नोंदी), मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, जुळवताना रात्र काढायचा. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण तेरीज दोन रुपयांनी चुकली तर ते दोन रुपये कुठे लपलेत ते शोधायची त्याला खोड लागायची. नोकरी देणारा ही खोड बघतो. मी जुन्याचे गोडवे गात नाही, सगळं आता टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि व्हावं. पण टॅली चुकीची एंट्रीही तितक्याच मुकाट्यानं घेतं.

म्हणून सुप्रियाला मी क्लासला न धाडता एका ओळखीच्या कर सल्लागारांच्या ऑफिसात दुपारचं बसवलं. पगार नावापुरता. एस.टी.चं तिला काही पडत नाही, शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी बस फुकट आहे. पहिले पंधरा दिवस तिनं नुसती बिलं तारखेनं लावली आणि कंटाळली. मला फोन करून म्हणाली, हे काम शिपाई पण करेल. मी म्हटलं, कर अजून पंधरा दिवस.

मग महिन्याची अकरा तारीख आली. विक्रीचा तपशील देणारं जीएसटीआर-१ भरायची ही मुदत. चौदाला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे आपल्याला माल देणाऱ्यांनी कुठली बिलं दाखवलीत त्याची यादी. विसाच्या आत ३बी भरून कर चुकता करायचा. चौदा ते वीस त्या ऑफिसात कुणाला चहालाही उठायला सवड नसते. बिलांची थप्पी एकीकडे, २बीची एक्सेल फाइल दुसरीकडे, जे जुळत नाही ते वेगळं काढायचं आणि त्या दुकानदाराला फोन लावायचा. व्हीलुकअप, म्हणजे दोन याद्या जुळवायचं एक्सेलचं सूत्र, ती त्या सहा दिवसांत शिकली. कॉलेजात त्याचं सर्टिफिकेट तिला आधीच मिळालेलं होतं, ही गंमत वेगळी.

आपल्या भागातल्या मुलांनी एक गोष्ट तर कोळून प्यायला हवी. बेळगावचा कारखानदार शंभरेक किलोमीटरवरच्या हुबळीला अठरा टक्के जीएसटीचा माल धाडतो तेव्हा बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) नऊ आणि एसजीएसटी (राज्याचा) नऊ टक्के लागतात. तोच माल अर्ध्या तासावरच्या शिनोळीला गेला की अठरा टक्के आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर), कारण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. चुकून सीजीएसटी-एसजीएसटी भरला तर तो आपोआप तिकडे वळत नाही. योग्य कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या खात्यात गेलेल्याचा परतावा मागत बसायचं. बेंगळुरूतल्या ऑफिसात हा प्रश्न रोज येत नसेल, आपल्याकडे रोज येतो. सीमेवर राहतो म्हणून आपण आयुष्यभर कुरकुरतो, पण अकाउंट्सच्या पोरांना सराव करायला याहून चांगली जागा नाही.

डिसेंबरात सुप्रियाचे बाबा आले. चपला दारातच काढून उभे राहिले, खुर्चीवर बसायलाच दोनदा सांगावं लागलं. भाचा पुण्यात असतो, तो म्हणतो सीए करायचं तर इकडेच धाडा. धाडू काय?

मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते, कारण यावर अफवाच फार फिरतात. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के असले तर सीएची फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमीडिएटला नाव घालता येतं. सुप्रियाचे तेव्हा ५८ होते. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५० टक्के लागतात. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या रचनेत ती दोन वर्षांची झाली. पुण्याला जायलाच हवं असं काही नाही. इन्स्टिट्यूटची शाखा बेळगावातही आहे. ती दक्षिण विभागात मोडते आणि कोल्हापूरची पश्चिम विभागात, म्हणजे सीमा तिथंही आहेच, पण पेपर एकच. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात. हिंदी आपल्याला जवळची म्हणून काही मुलं तिकडे वळतात. माझं मत उलटं आहे. पुढं नोटिसा आणि कायदे इंग्रजीतच वाचायचे, तर सवय आत्ताच लागलेली बरी.

"आणि नाही जमलं तर?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न विचारणारे पालक मला आवडतात.

नाही जमलं तरी बसून राहायची वेळ येत नाही. इथल्या सहकारी सोसायट्या, उद्यमबागेतले कारखाने, कर सल्लागार, सगळ्यांना विसाच्या आत ३बी भरून देणारं माणूस हवं असतं. बँकेच्या लिपिकाची परीक्षा आहे. तिथं ज्या राज्यातून अर्ज कराल तिथली भाषा यावी लागते. कर्नाटकातून भरायचा तर कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. महाराष्ट्रातून भरला तर मराठी चालते, आणि आपल्याकडची बरीच मुलं तसंच करतात. त्यात गैर काही नाही. फक्त कन्नड टाळायला म्हणून करू नका, असं मी म्हणते आणि त्यावर काही घरांतून मला बोलणी बसतात. गोकाक-बैलहोंगलचा व्यापारी ऑफिसात फोन करतो तेव्हा तो कन्नडातच बोलणार.

सीएचं सुप्रियानं अजून ठरवलेलं नाही. निकाल लागू दे, म्हणतेय. मीही घाई केली नाही. मार्चमध्ये दुसऱ्या एका मुलाखतीला गेली, तिथंही घेतलं नाही. पण या वेळी पंचवीस मिनिटं आत होती आणि बाहेर आल्यावर तिला नेमकं कुठं अडलं ते सांगता येत होतं: कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख कुठून आली नि कुठं गेली त्याचा तक्ता. त्याची वही आता माझ्या टेबलावर आहे.

परवा त्या कर सल्लागारांच्या ऑफिसच्या बाजूला गेले होते. काचेतून दिसली. कानाला फोन, हातात पेन्सिल. "बिल कळसरी... हां री, इवत्तं कळसरी," पलीकडच्या कुणाला तरी बिल आजच धाडायला सांगत होती. व्याकरण बरोबर होतं की नाही, मला विचारू नका, माझंच कन्नड बेतास बात. फोन ठेवला, मला बघून हात केला आणि पुढचं बिल उचललं. शिनोळीचं असावं. आधी तिनं नंबराच्या पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं.