हुर्राक घे, पण लिम्का नको

अगं, गोव्याला जाऊन ‘माझं डाएट चालू आहे’ म्हणत कोपऱ्यात बसू नकोस. एप्रिलमध्ये जातेयस म्हणजे हुर्राक मिळेलच. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची, भट्टीत एकदाच गाळलेली दारू. अल्कोहोल साधारण १५ टक्के. फेणीत तेच ४०च्या वर जातं. ६० मिली हुर्राकमध्ये अल्कोहोलच्या जेमतेम ५० कॅलरी असतात. घोळ होतो तो वर ओतलेल्या लिम्काने, सगळी साखर तिथेच. त्याऐवजी साधा सोडा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची सांग. मिरचीला नाही म्हणू नकोस, खरी गंमत तिचीच आहे!

बिअरची ६५० मिलीची बाटली अडीचशे कॅलरींच्या आसपास जाते, म्हणून मी पाइंटच, म्हणजे छोटी बाटलीच मागवते.

आणि खरं सांगू? माझं वजन पिण्याने नाही, चखण्याने वाढलं होतं. दुसऱ्या ग्लासानंतर रवा फ्रायकडे हात आपोआप जातो, आपण मोजणं कधी सोडलं तेही कळत नाही. त्यामुळे आधी भाजलेला मासा आणि कोशिंबीर खाऊन घे, मग ग्लास भर. औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचार. स्कूटर चालवणार असशील त्या दिवशी फक्त सोलकढी.