माइल्स कुठल्या खात्यात टाकू विचारलंत, आधी ते कार्डाचं बिल बघू

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलंय. वय ४१, हळद-बेदाण्याचा धंदा, थोडं एक्स्पोर्ट. वर्षातनं दोनदा दुबई, एकदा सिंगापूर आणि एक वर्षाआड जर्मनीत कोलोनला अनुगा या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला जातात. विमान कंपन्या प्रवासावर जे पॉइंट देतात, ज्यातनं पुढं तिकीट काढता येतं, त्या माइल्सबद्दल लिहितात:

"सर, माझी पाच एअरलाइनमध्ये खाती झालीत. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये ८,९००, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ७,२००, लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये ४,१००, एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये ३,६०० आणि इंडिगोच्या ब्लूचिपमध्ये ५,२००. ज्याचं विमान त्याच्याच खात्यात टाकतो. मित्र म्हणतोय सगळं एका ठिकाणी टाक. लुफ्तान्साच्या तिकिटाला क्रिसफ्लायरचा नंबर चालतो का? मिसेसच्या खात्यात टाकता येतील का? कोल्हापूरहून मुंबईला स्टार एअरनं जातो, ते पण स्टार अलायन्समध्येच येतं ना? पुढच्या वर्षी लग्नाला पंधरा वर्षं होतील, तेव्हा दोघांनी बिझनेस क्लासनं युरोपला जायचं ठरवलंय. त्यासाठीच बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्यानं माइल्सवालं क्रेडिट कार्ड घेतलं, आणि वर्षाच्या खर्चाचा टप्पा गाठायला ३ लाखाची पॉलिसी कार्डावर काढली, १०,००० बोनस माइल्स मिळाले. एका पार्टीचं पेमेंट अडकल्यामुळं सात महिने कार्डाचं मिनिमम भरतोय, ते क्लिअर होईल. पतसंस्थेत ५ लाखाची एफडी आहे ८ टक्क्यानं, पण ती मुलीच्या शिक्षणाची, तिला हात लावायचा नाही."

भाऊ, माइल्सवर तुम्ही बारा ओळी लिहिल्यात आणि "मिनिमम भरतोय" हे जाता जाता सांगून टाकलंत. मला मात्र पत्रात तेवढंच दिसतंय. तुम्ही बिलाचा फोटो पाठवलाय, त्यात तुमचा अंगठा पण आलाय कोपऱ्यात, आणि तो नेमका "टोटल अमाउंट ड्यू" वर आलाय. शेजारी मिनिमम अमाउंट ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायचा आकडा, १५,५०० एकदम झोकात. मुद्दाम झाकलं असं म्हणत नाही, पण सात महिने तुम्ही तेवढाच आकडा बघताय हे खरं.

आता हिशोब करू, तुम्ही सौद्याला उभं राहून करता तसा तोंडी. ३ लाख थकीत, व्याज महिन्याला ३.६ टक्के. महिन्याला, वर्षाला नव्हे. झाले १०,८००. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,९००-२,०००. पावणेतेरा हजार नुसते व्याजात. तुम्ही भरताय साडेपंधरा, म्हणजे मुद्दलातनं कमी होतात पावणेतीन हजार. सात महिन्यांत तुमच्या खिशातनं गेले १ लाख ८ हजार आणि कर्ज उतरलं फक्त २० हजार. ८८ हजार रुपये गेले, आणि अजून २ लाख ८० हजार बाकी आहेत.

आणि मिळालं काय? बोनसचे १०,००० माइल्स आणि प्रीमियमवर आलेले तीनेक हजार. माइलला ६० पैसे धरले (हे ६० पैसे कुठनं आले ते पुढं सांगतो) तर साडेसात-आठ हजाराचा माल. बँकेनं आवळा दिला आणि कोहळा काढला, आणि तुम्ही मला विचारताय आवळा कुठल्या बरणीत ठेवू.

दुसरं म्हणजे तुम्ही फोनवर म्हणालात की त्या कार्डावरचे नवीन खर्च मात्र दर महिन्याला भरतो. तसं होत नसतं हो. मागची बाकी राहिली की बिनव्याजी दिवस संपले, मग दुबईचं तिकीट असो नाहीतर पेट्रोल, घासल्या दिवसापासून व्याज चालू. ते व्याज मी वरच्या ८८ हजारात धरलेलंच नाही. तेव्हा हे कार्ड आजपासून पाकिटातनं काढा आणि कपाटात टाका. तोडू नका, घासू नका.

पार्टीचं पेमेंट आलं की भरतो म्हणता. तुम्ही यार्डात वीस वर्षं आहात, अडकलेलं पेमेंट कधी येतं ते मी तुम्हाला सांगावं का? एफडी मोडा. उद्या मोडा. मुदतीआधी मोडल्याचा एखादा टक्का जाईल, जाऊ दे. ८ टक्के मिळवायला ४३ टक्के भरताय, त्यावर जीएसटी वेगळा, ही कसली मुलीच्या शिक्षणाची सोय? मोडायला जीवावर येत असेल तर एफडीवरच कर्ज काढा, एफडीच्या व्याजापेक्षा दोनेक टक्के जास्त पडेल, तरी कार्डाच्या पाव हिस्सा. पण माझं मत मोडायचंच, कारण आणखी एक आहे. बँकेत, अगदी सहकारी बँकेत सुद्धा, ५ लाखापर्यंतच्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा कंपनी) विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. सांगलीकराला ठेवी अडकणं काय असतं ते मी वेगळं सांगत नाही, प्रत्येकाच्या घरात एक काका नाहीतर मामा आहेच पासबुक घेऊन फिरलेला. कार्ड भरून उरलेले दोनेक लाख चांगल्या बँकेत मुलीच्या नावानं नवीन एफडी करा.

आता ती पॉलिसी. मॅडमनी सांगितलं दहा वर्षं ३-३ लाख भरा, म्हणजे ३० लाख, विसाव्या वर्षी ६० लाख, "डबल, गॅरंटीड". डबल हा शब्द ऐकला की आपल्याकडं माणूस पुढचं ऐकतच नाही, किती वर्षांत डबल हे कोण विचारणार. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं त्यांच्याकडं राहणार. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के पण नाहीत. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतंय, ते पण सरकारच्या हमीनं, आणि कुणी मॅडम फोन करत नाही त्याच्यासाठी, कारण त्यात कमिशन नाही. तुमचे दीड आणि मिसेसचे दीड असे बरोबर वर्षाला ३ लाख बसतात. हेच ३-३ लाख दहा वर्षं ७ टक्क्यानं टाकले आणि विसाव्या वर्षापर्यंत हलवले नाहीत तर साधारण ८७ लाख होतात. ६० कुठं आणि ८७ कुठं.

तुम्ही म्हणाल पहिला हप्ता गेला ना आता, सोडली तर बुडेल. बरं, धरून चाला की पहिले ३ लाख पूर्ण बुडाले, एक रुपया परत आला नाही. राहिलेले नऊ हप्ते ७ टक्क्यानं लावले तर विसाव्या वर्षी ७५ लाख होतात. म्हणजे ३ लाखावर पाणी सोडून सुद्धा तुम्ही त्या पॉलिसीपेक्षा १५ लाखानं पुढं. आणि पूर्ण बुडणार पण नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललेत, अशा पारंपरिक पॉलिसीला एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर काहीतरी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावी लागते. पहिली ३० दिवसांची फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी परत करायची, मुदत तुमची केव्हाच गेली, तेव्हा मॅडमना परत जाऊन भांडण्यात वेळ घालवू नका, गोड बोलून दुसरी पॉलिसी गळ्यात मारतील. विमा कंपनीला ईमेल करून पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर किती मिळतील हे लेखी मागा. आणि बँकेत जाऊन हप्त्याची ऑटो पे सूचना रद्द करा, नाहीतर पाच महिन्यांनी दुसरे ३ लाख त्याच कार्डावर बसतील आणि आपण परत पहिल्या पानावर.

त्या पॉलिसीत विमा किती आहे बघितलंत का? ३० लाख. तुमची गोडाऊनची उधारी, बँकेची सीसी (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) आणि दोन मुलं बघता ३० लाखात काय होतंय? एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, मुदतीनंतर परत काही नाही, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला वीस-पंचवीस हजाराच्या घरात बसावा. (तंबाखू असेल तर फॉर्मवर लिहा. लपवू नका, क्लेमच्या वेळी मिसेसना भोगावं लागतं.) टर्म प्लॅन हातात आला की मगच ती जुनी बंद होऊ दे, एवढा क्रम पाळा.

हुश्श. आता माइल्स, कारण विचारलंत ते.

लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स आणि एअर इंडिया तिन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीत आहेत, एअर इंडिया २०१४ पासून. तिघांच्या प्रवासाचे माइल्स तुम्ही यातल्या कुठल्याही एकाच खात्यात घेऊ शकता, म्हणजे लुफ्तान्साच्या तिकिटाला क्रिसफ्लायरचा नंबर चालतो. पण एक प्रवास एकाच खात्यात, दोन्हीकडं नाही, आणि एकदा जमा झाले की इकडचे तिकडं हलवता येत नाहीत. तुमच्यासाठी क्रिसफ्लायर एकच ठेवा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांचे पॉइंट पण तिथं नेता येतात. माइल्स अँड मोअर आणि महाराजा क्लबमध्ये नवीन भर घालू नका. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, म्हणून दुबईचं स्कायवर्ड्समध्येच राहू दे. इंडिगोचं तसंच.

स्टार एअर आणि स्टार अलायन्स! हे वाचून हसलो, रागवू नका. एक आपल्या कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची छोटी विमानं, दुसरी जगभरातल्या विमान कंपन्यांची १९९७ पासूनची युती. नावातला तारा सोडला तर काही संबंध नाही.

मिसेसच्या खात्यात तुमचे माइल्स जात नाहीत, जो सीटवर बसला त्याच्याच नावावर. तुमच्या माइल्समधनं त्यांचं तिकीट मात्र काढता येतं.

किती मिळतात हे फक्त अंतरावर नसतं. मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन आठ हजार मैल भरतं, पण तुम्ही सगळ्यात स्वस्त तिकीट घेता, आणि ई-तिकिटावर क्लासपुढं जे एक इंग्रजी अक्षर असतं ना त्यावर ठरतं की दुसऱ्या कंपनीच्या खात्यात त्यातले निम्मे मिळणार, पाव मिळणार की काहीच नाही. म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या अक्षराचा तक्ता बघा, नंतर नाही. माइल्ससाठी महागाचं तिकीट मात्र घेऊ नका, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

तुमचे पाच ठिकाणचे मिळून २९,००० होतात, पण ही बेरीज कागदावरचीच, कारण दिराम, डॉलर आणि रुपये एकत्र मोजल्यासारखं आहे ते. किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा एक तिकीट रोख २४,००० ला आहे, आणि माइल्सवर घेतलं तर २५,००० माइल्स आणि वर ९,००० टॅक्स भरावा लागतो. वाचले १५,०००, भागिले २५,०००, साठ पैसे. म्हणजे तुमचं सगळं गाठोडं १७-१८ हजाराचं. बिझनेस क्लासनं दोघं युरोपला जाऊन-येऊन म्हणजे चार एकेरी तिकिटं, प्रत्येकी ६०-७० हजार माइल्स धरले तरी अडीच लाख माइल्स लागतात. तुमच्या आत्ताच्या प्रवासात वर्षाला पाच-सहा हजार जमतात. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला नाही हो, पन्नासाव्याला.

तोपर्यंत थांबायची सोय पण नाही. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांत संपतात, तुमच्या २०२३ च्या सिंगापूर ट्रिपचे २०२६ मध्ये त्याच महिनाअखेरीला जाणार. आणि माइल्सची किंमत ठरवणारी कंपनीच, ती कधी पण बदलते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तिच्या बिझनेस क्लाससाठी वर्षानुवर्षं साठवणाऱ्यांकडं माइल्स राहिले पण विमान राहिलं नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात गेली आणि क्लब विस्ताराचं महाराजा क्लब झालं. बँकेत व्याज कमी झालं तर निदान मुद्दल तरी तेवढंच राहतं. तेव्हा हे साठवायचं धन नाही, जमलं की वापरून टाका. कार्डाचे पॉइंट सुद्धा तिकीट समोर दिसल्याशिवाय एअरलाइनकडं वळवू नका, एकदा गेले की परत येत नाहीत.

लग्नाच्या वाढदिवसाला मिसेसना घेऊन सिंगापूरला जा, इकॉनॉमीनं, तुमची कामाची ट्रिप आहेच, एकाच तिकिटाचे पैसे जास्तीचे. कार्डाचं व्याज थांबलं की सहा महिन्यांत सत्तरेक हजार तसेच वाचतात.

जाताना एक बघा. तुमच्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं आहे आणि क्रिसफ्लायरच्या खात्यावर नुसतं नाव-आडनाव. मागच्या अनुगाचे माइल्स जमा झाले नाहीत म्हणता त्याचं कारण बहुतेक तेच असावं. पासपोर्टची कॉपी पाठवून नाव दुरुस्त करून घ्या आणि २२० नं सुरू होणारा लुफ्तान्साचा तिकीट नंबर आणि बोर्डिंग पास जोडून क्लेम टाका. एफडी मोडल्याची पावती मला पाठवा, अंगठा न लावता.